स्प्रिंगटेलची पोटदुखी

एका खोलीत चार माणसांना अठरा वर्षं बसवलं की किस्से आपोआप साचतात. मुद्दाम कुणी गोळा करत नाही. आमच्या भाईंदरच्या कॉलेजातल्या झूलॉजी डिपार्टमेंटमध्ये कपाट आवरायला काढलं की आवरणं बाजूला राहायचं आणि एकेक बाटली हातात घेऊन "ही आठवते का रे?" सुरू व्हायचं. त्यातलेच काही सांगतो. पण आधीच कबूल करून टाकतो, ह्या सगळ्या किश्श्यांमध्ये मी जळतोय. कुठे कमी, कुठे जास्त. एरवी मी बरा माणूस आहे, पण ते इथे फारसं दिसणार नाही!

जळण्याचं कारण एक किडा. स्प्रिंगटेल. तुमच्या घरच्या कुंडीतसुद्धा असतो, फक्त तुम्ही त्याला कधी पाहिलेलं नसतं. मिलिमीटरभर लांब, मातीत राहतो, कुजलेलं खातो, कुणाला चावत नाही. पोटाखाली दुमडलेली एक दुबेळकी शेपटी असते. धक्का लागला की ती खटकन सुटते आणि हा भलतीकडेच जाऊन पडतो. आपल्याकडे त्याला मराठी नाव नाही, कारण त्याने आजवर कुणाचं काही बिघडवलेलं नाही. बिघडवलं ते फक्त माझं.

*

मी आणि वर्तक एकाच दिवशी नोकरीला लागलो. ऐंशीच्या दशकाची शेवटशेवटची वर्षं. स्प्रिंगटेलचा नाद मला आधीपासून होता. वर्तकला नव्हता. त्याला मीच लावला, हे लक्षात ठेवा.

रविवारी मी घोडबंदरच्या बाजूच्या जंगलातून पाचोळा आणायचो. वर्तक एकदा सहज सोबत आला. परत येताना बसमध्ये पोतं पायाशी ठेवलं तर कंडक्टर हटकायला आला.

"ह्यात काय आहे?"

"पाचोळा. कुजलेली पानं. कॉलेजसाठी लागतात."

त्याने पोत्याचं तोंड उघडून आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, घोडबंदरहून कचरा भाईंदरला नेताय? तिकडे कमी पडला काय?"

सगळी बस हसली. सगळ्यात मोठ्याने वर्तक!

स्टॉपवर उतरून चहा घेताना मी त्याला मनातलं सांगितलं. नवी प्रजाती सापडली की तिचं वर्णन करून छापायचं आणि नाव ठेवायचं, हे आमच्या विषयातलं मोठं काम. पण स्वतः शोधलेल्या प्राण्याला स्वतःचं नाव ठेवत नाहीत. ते फार निर्लज्जपणाचं समजतात. दुसऱ्या कुणीतरी तुमचं नाव ठेवावं लागतं.

"वर्तक, जगात एका किड्याला तरी सावंतचं नाव असावं रे. मग मी मेलो तरी चालेल."

"मला सापडला तर मी बायकोचं नाव ठेवीन," वर्तक म्हणाला. "वर्षभर भाजी आणायला सुट्टी!"

मी हसलो. तेव्हा हसू येत होतं.

*

आमचे लॅब अटेंडंट हिरामणमामा. भाईंदरजवळच्याच मुर्धा गावचे, पन्नाशी उलटलेले. त्यांच्या घरचे पूर्वी मिठागरावर कामाला असायचे. मिठागराच्या बांधावरही स्प्रिंगटेल मिळतात म्हणून एका सुट्टीत मामा आम्हा दोघांना मुर्ध्याला घेऊन गेले. आम्ही चिखलात पालथे पडून काचेच्या नळीने किडे ओढतोय आणि बांधावर गाव जमा झालंय.

एका म्हाताऱ्याने विचारलं, "हिरामन, काय धरतान रे ते? कोलीम हाय काय, जवला?"

मामा अगदी शांतपणे म्हणाले, "न्हाय. किडं मोजतान."

"कनाला?"

"पगार मिलतो त्याचा."

म्हातारा मागे वळला. मग बाकीच्यांना म्हणाला, "चला, बिचाऱ्यांना करू द्या."

त्या दिवशी मला तीन किडे मिळाले, वर्तकला एकोणीस. एकाच बांधावर, हातभर अंतरावर! तिथून माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली.

*

स्प्रिंगटेल ओळखायचा म्हणजे त्याचे केस मोजायचे. चेष्टा करत नाहीये. अंगावर कुठे किती केस, कोणता लांब, कोणता आखूड, डोळे किती, नखाला दात आहे की नाही, हे सगळं स्लाइडवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायचं आणि चित्र काढायचं. पुस्तकातल्या सगळ्या प्रजातींशी ताडून बघितल्यावर कुठेच बसला नाही, तरच तो नवा.

डिपार्टमेंटमध्ये चांगला मायक्रोस्कोप एकच होता. सोमवार-बुधवार माझा, मंगळवार-गुरुवार वर्तकचा. शुक्रवारी आमच्या हेड करंदीकर मॅडम त्याच्यावर कव्हर घालून ठेवायच्या, मशीनला विश्रांती पाहिजे म्हणून.

वर्तकचा हात असा स्थिर की त्याने काढलेला केस उपटून घ्यावासा वाटायचा. पाहुणे आले की मॅडम त्याची चित्रं दाखवायच्या. एकदा इन्स्पेक्शनला बाहेरची कमिटी आली. मॅडमनी वर्तकची चित्रं दाखवली, वाहवा झाली. मग माझ्यावर अन्याय नको म्हणून त्यांनी माझंही एक चित्र पुढे केलं. त्यावर माझे चार महिने गेले होते.

कमिटीतल्या गृहस्थांनी चष्मा वर केला. "वा! हे विद्यार्थ्यांकडून काढून घेता वाटतं? चांगला उपक्रम आहे."

मॅडम म्हणाल्या, "हो, प्रोत्साहन द्यावं लागतं."

वर्तक खिडकीबाहेर बघत होता. खांदे हलत होते त्याचे. मी घरी जाऊन जेवलो नाही.

*

मग वर्तकने मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये फ्लॅट घेतला. आम्ही अजून भाईंदरला दोन खोल्यांत होतो. वास्तुशांतीला काय न्यायचं ह्यावर घरात चर्चा झाली. नीला, म्हणजे आमची ही, म्हणाली, "तुळस नेऊ या. आपल्या कुंडीतलंच रोप काढते." तिने मातीसकट रोप काढलं, नव्या कुंडीत लावलं, आणि मी ती कुंडी मांडीवर घेऊन रिक्षातून सिल्व्हर पार्कला गेलो. माझ्या हाताने मी ती त्याच्या गॅलरीत ठेवली. माझ्या हाताने!

तेव्हा तिकडे पाण्याचे हाल होते. टँकर यायचा तेव्हा यायचा. मे महिन्यात वर्तकच्या तुळशीची माती भेगाळली. वहिनी एकदा म्हणाल्या, "ह्यात काहीतरी बारीक पांढरं चालतंय." वर्तकने चमचाभर माती कॉलेजात आणली.

मंगळवार होता. मी शेजारच्या टेबलावर पेपर तपासत होतो. वर्तक दोन तास मायक्रोस्कोपवरून उठला नाही. मग अगदी हळू म्हणाला, "सावंत, बघ रे जरा."

मी पाहिलं. स्प्रिंगटेलच, पण शेपटी जवळजवळ नाही, नुसता खुंट. आणि पाठीच्या टोकाला चार काटे. असा कुठल्याच पुस्तकात नव्हता. उडी न मारणारा स्प्रिंगटेल!

"नवा आहे का रे?" त्याने विचारलं.

"असेल," मी म्हटलं. हा एक शब्द बोलायला मला केवढे कष्ट पडले ते माझं मलाच ठाऊक.

चार वर्षं मी जंगल, खाडी, मिठागर तुडवलं. ह्याला घरबसल्या गॅलरीत मिळाला, आणि तोही मी नेऊन दिलेल्या कुंडीत! घरी येऊन नीलाला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हणजे आपल्याकडेच होता की! तुम्हाला कसा नाही दिसला?"

त्या दिवशीही मी जेवलो नाही.

*

वर्तकने लेख लिहून कलकत्त्याला पाठवला. तिथे एक तज्ज्ञ होते. देशातले स्प्रिंगटेल त्यांच्याशिवाय पुढे सरकत नसत. आमच्या विषयाची पत्रिकाही तेच चालवायचे. आम्ही त्यांना मोठे साहेब म्हणायचो. लेख मंजूर झाल्याचं पत्र आलं.

नाव मात्र वर्तक सांगेना. छापून येईपर्यंत नवं नाव बाहेर फोडायचं नाही, अशी आमच्यातली पद्धत आहे. दुसऱ्या कुणी आधी वापरलं तर घोळ होतो. पण त्यामुळे डिपार्टमेंटमध्ये जे वातावरण तयार झालं ते काय सांगू!

करंदीकर मॅडमची खात्रीच होती. वर्तकला शनिवारची सुट्टी मिळाली, मायक्रोस्कोपचा शुक्रवारही मिळाला. एकदा त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव इंग्रजीत टाइप करून त्याच्या टेबलावर ठेवलं. "सहज आपलं. लोक स्पेलिंग चुकवतात ना!"

वहिनी मला म्हणाल्या, "माझंच नाव असणार. ह्यांनी तसा शब्द दिलाय."

हिरामणमामा तर वेगळ्याच काळजीत. त्यांनी वर्तकला बाजूला घेतलं. "सर, माजं नाव टाकलंत तरी चालंल. पन गावान सांगू नका. लोक म्हनतील, हिरामनला किडा केला."

मी काही विचारलं नाही. मला ठाऊक होतं, मॅडमचंच असणार. शुक्रवार काही कुणी उगाच देत नाही.

*

आता माझी करणी सांगतो.

मला एक गोष्ट खात होती. त्याची माती ती माझीच माती. मग माझ्या कुंडीतला स्प्रिंगटेल उड्या का मारतो आणि त्याचा का नाही? माझ्या कुंडीतला मी कधीच पाहिला होता. अगदी साधा, कुठेही सापडणारा. दोघांचे बाकीचे केस मोजले तर तंतोतंत सारखे! फरक शेपटीचा आणि काट्यांचा. आणि माझ्या कुंडीला नीला रोज न चुकता पाणी घालायची.

मी सिल्व्हर पार्कला गेलो. वर्तक घरी नाही हे बघूनच गेलो. वहिनी चहा टाकायला आत गेल्या तेवढ्यात तुळशीतली दोन चमचे माती रुमालात बांधली आणि खिशात घातली. वहिनींनी चहाबरोबर चकल्या दिल्या. "तुम्ही ह्यांचे खरे मित्र," म्हणाल्या. मी चार चकल्या खाल्ल्या.

घरी नीलाचे मसाल्याचे दोन डबे घेतले. तळाला प्लास्टर आणि कोळशाची पूड ओतून वाळवली, खायला चिमूटभर यीस्ट. दोन्ही डब्यांत वर्तकचे आखूड शेपटीचे किडे. एक डबा पत्र्याखाली, उन्हाच्या धगीत, कोरडा. दुसऱ्यावर ओलं फडकं गुंडाळून तो माठाला टेकून ठेवला.

मधल्या काळात मेव्हणी राहायला आली. तिने आमटी करताना माठाजवळचा डबा उघडला आणि किंचाळली, "ताई, तुझं मीठ उड्या मारतंय!"

मी बाहेरच्या खोलीतून अक्षरशः धावत आलो. उड्या मारतंय? खरंच मारत होतं! ओल्या डब्यातल्या किड्यांनी कात टाकली होती. काटे गळले होते, शेपट्या पूर्ण वाढल्या होत्या, आणि ते माझ्या कुंडीतल्यासारखेच अगदी साधे, कुठेही सापडणारे स्प्रिंगटेल झाले होते. कोरड्या डब्यातले तसेच खुंटासह चालत होते. म्हणजे वर्तकची नवी प्रजाती वगैरे काही नव्हती. जुनीच होती. फक्त तिला पाणी मिळालं नव्हतं!

मी मेव्हणीला मिठी मारणार होतो, नीलाने मधे हात घातला.

तीन आठवडे लावून मी बारा पानी पत्र लिहिलं. दोन्ही डब्यांतल्या किड्यांची चित्रं जोडली. आयुष्यात पहिल्यांदा माझं चित्र चांगलं आलं. रागाने हात स्थिर होतो, हे मला तेव्हा समजलं. सर्वांत वर लिहिलं, "माझ्या सहकाऱ्याने वर्णन केलेली ही प्रजाती वैध नाही, रद्द करावी." खाली सही करून मोठ्या साहेबांना रजिस्टर्ड पाठवलं. वर्तकला बोललो नाही. रोज त्याच्याबरोबर डबा खात होतो, त्याची भाजी घेत होतो, आणि बोललो नाही.

*

अकरा दिवसांनी वर्तक सकाळी पेढे घेऊन आला. अंक छापून झाला होता आणि लेखाच्या सुट्या प्रती पोस्टाने आल्या होत्या.

मॅडम खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. पहिली प्रत त्यांनीच घेतली, वाचली, आणि हातातला पेढा परत बॉक्समध्ये ठेवला. मग मायक्रोस्कोपवर कव्हर घातलं. शुक्रवारही नव्हता.

वर्तकने एक प्रत माझ्यापुढे ठेवली. मी मथळा वाचला, परत वाचला. लॅटिन वळणाचं का होईना, नाव सावंतचं होतं. खाली बारीक अक्षरात छापलं होतं, "ज्यांनी मला हे प्राणी पाहायला शिकवलं आणि ज्यांच्या अंगणातल्या मातीतून हा आला, त्या माझ्या मित्राच्या नावे."

"अंगण नाहीये तुला, माहितीये," वर्तक म्हणाला. "पण कुंडी लिहिलं तर बरं दिसत नव्हतं."

"वहिनी?" मी कसंबसं विचारलं.

"दोन दिवस बोलत नाहीये. भाजी मीच आणतोय." मग माझ्याकडे बघत म्हणाला, "मेलास तरी चालेल आता. तूच म्हणाला होतास."

मी पेढा तोंडात घातला. ठसकाच लागला. हिरामणमामांनी पाणी आणून दिलं, पाठीवर हात फिरवला. "सरांना लय आनंद झालाय," ते सगळ्यांना सांगत होते.

घरी प्रत नीलाला दाखवली. तिने नाव बोट ठेवून वाचलं, माठाजवळच्या डब्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. "पत्र परत मागवता येतं का हो?" एवढंच विचारलं. मी रात्रभर विचार केला. डबे फेकून दिले तरी कुंडीला पाणी घातलं की किडा उडी मारणारच होता. आज मी गप्प बसलो असतो तर उद्या कुणीतरी दुसऱ्याने दाखवून दिलं असतं. आणि तो दुसरा कुणीतरी असता ह्या विचारानेसुद्धा माझा जळफळाट झाला, खोटं कशाला सांगू!

*

चार दिवसांनी मोठ्या साहेबांचं आंतर्देशीय आलं. वर्तकनेच ते टपालातून काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

साहेबांनी लिहिलं होतं, "तुमचा पुरावा निर्विवाद आहे. एवढं नेटकं काम बऱ्याच वर्षांत वाचलं नाही. ही प्रजाती रद्द धरावी लागेल. तुमची परवानगी असेल तर हे टिपण पुढच्या अंकात तुमच्या नावाने छापतो. अंक प्रेसमध्ये आहे, उलट टपाली कळवा. जाता जाता एक विचारतो, राग मानू नका. ज्यांच्या नावाने ही प्रजाती होती, ते सावंत तुमचे कोण?"

मी कोरं आंतर्देशीय काढलं. वर्तक दारात चपला घालत होता.

"पोस्टातच चाललोय. काही टाकायचंय?"

"एक मिनिट थांब."

"कुणाला लिहितोयस?"

"मोठ्या साहेबांना."

"अरे वा! आभार मानतोयस? माझाही नमस्कार लिही."

मी लिहिलं, "वर्तकांचा नमस्कार. ते सावंत माझे नातेवाईक लागतात. आमचं पहिल्यापासून पटत नाही. छापा."